जिताड्याला सोयाबीन तेल चालेल का?

या अंकासाठी आलेली पत्रं चाळताना लक्षात आलं, निम्मी पत्रं तेलाचीच आहेत. बत्तीस वर्षं मी माशांच्या खाद्याच्या प्रयोगशाळेत काढली. खाद्याचा चुरा सॉक्सलेटच्या नळीत भरायचा, ईथरने त्यातलं तेल उतरवायचं, वजन घ्यायचं, आकडा वहीत मांडायचा. घरी आले की सासूबाई दारातूनच म्हणायच्या, 'आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर.' निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटलं एकदाचं तेल. कसलं सुटतंय! बाकीच्या शंका पुढच्या महिन्यात घेऊ. यावेळी पाच पत्रं, पाचही तेलकट.

मॅडम, नमस्कार. वडिलांच्या काळापासून आम्ही घरामागच्या तळ्यात जिताडा सोडतो. आता शेततळं काढलं आहे. बारीक मासळी रोज मिळेनाशी झाल्यामुळे खाद्याच्या गोळ्या घरीच करायचा विचार आहे. मत्स्यतेल परवडत नाही. त्याऐवजी सोयाबीन तेल घातलं तर? दुकानदार म्हणतो, तेल ते तेल. – एक शेतकरी, पेण

दादा, दुकानदार अर्धा खरा आहे. जळणापुरतं तेल ते तेलच. जिताडा शिकारी मासा. पिठूळ पदार्थ त्याला फारसे मानवत नाहीत, अंगात ताकद येते ती प्रथिनांतून नाहीतर तेलातून. खाद्यात पुरेसं तेल असलं की तो महागाचं प्रथिन जाळत बसत नाही, त्याचं मांस करतो. या कामाला सोयाबीन, मोहरी, पाम, काहीही चालतं.

पण तेलाला दुसरंही एक काम असतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांचं बनलेलं असतं, आणि माशाच्या मेंदूत, डोळ्याच्या पडद्यात डीएचए नावाचं मेदाम्ल नुसतं ठासून भरलेलं असतं. चुलीत शेवरीही चालते, वाशाला नाही चालत. सोयाबीन तेलात डीएचए शून्य. त्याच घराण्यातलं ईपीए, तेही शून्य. आपल्याकडच्या घाण्यावर निघणाऱ्या कुठल्याच तेलात ही दोन नसतात.

मग तुम्ही म्हणाल, रोहू-कटला पेंड खाऊन कसे जगतात? त्यांची गोष्ट वेगळी. सोयाबीन तेलात शंभरात सातेक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. तेही ओमेगा-३ जातीचंच, पण लहान: अठरा कार्बनची माळ, तीन जागी वाकलेली. डीएचए म्हणजे बावीस कार्बनची माळ, सहा जागी वाकलेली. रोहूच्या यकृतात अशी विकरं (एन्झाइम) आहेत, की एक जण माळेत दोन मणी ओवतो, दुसरा वाक पाडतो, पुन्हा पहिला मणी ओवतो. अठराचे वीस, विसाचे बावीस. खरं तर बहुतेक वेळा माळ चोवीसपर्यंत नेऊन मागचे दोन मणी पुन्हा तोडावे लागतात. निसर्गाला सरळ रस्ता सुचतोच असं नाही.

जिताड्याकडे पहिला वाक पाडणारं विकर आहे, पुढचं काम मात्र अडतं. सोयाबीन तेलावर ठेवला की त्याच्या यकृतात या विकराची जनुकं जास्त जोमाने कामाला लागतात, हे मोजून पाहिलेलं आहे. धडपड होते, हाती डीएचए लागत नाही म्हटलं तरी चालेल. कारण उघड आहे. खाडीत बोईट, कोलंबी, बारीकसारीक मासळी खाऊन त्याला डीएचए पिढ्यान्‌पिढ्या आयतं मिळत आलं. ज्या घरी रोज ताट वाढून येतं तिथे चूल कशाला राहील? उलट उदाहरणही आहे. सिगॅनस जातीचा एक मासा समुद्रातलाच, पण शेवाळ खाणारा. त्याच्यात ही सगळी हत्यारं आहेत, शिवाय चोवीसचा वळसा टाळून थेट डीएचए करणारं विकरसुद्धा आहे. ते २०१० साली सापडलं आणि कुठल्याही पाठीच्या कण्याच्या प्राण्यात सापडलेलं ते पहिलंच. मासा गोड्या पाण्यातला की खाऱ्या, यापेक्षा तो खातो काय, हे विचारलेलं बरं.

आता तुमचा हिशेब करू. वाढत्या जिताड्याला खाद्याच्या साधारण १ टक्का एवढं ईपीए आणि डीएचए मिळून लागतं. म्हणजे १०० किलो खाद्यात १ किलो. तारलीच्या चांगल्या तेलात ही दोन मिळून पाव हिस्सा धरा. म्हणजे ४ किलो मत्स्यतेल झालं. पण थांबा, तुम्ही खाद्यात फिशमील, म्हणजे सुक्या मासळीचं कूट, घालणारच. १०० किलोत २० किलो फिशमील असेल तर त्याच्या अंगचंच दीड-दोन किलो तेल त्यातून येतं. म्हणजे वरून घालायचं मत्स्यतेल राहिलं दोन-अडीच किलो. बाकीचं जेवढं तेल हवं तेवढं खुशाल सोयाबीनचं घाला. पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत मात्र काटकसर नको. जिताडा नजरेने शिकार करतो, आणि त्या वयातच त्याचे डोळे घडत असतात.

हे दोन-अडीच किलो पुरतं यामागे माशाची एक सवय आहे, ती मला नेहमी आवडते. खाद्यात मत्स्यतेल मुबलक असलं की मासा ईपीए सरळ जाळून टाकतो, थोडं डीएचएही जाळतो. लग्नघरात तूप वाहतं तसं. तेच तेल तुटपुंजं झालं की तो डीएचए जपून ठेवतो आणि जळणाला वनस्पती तेल वापरतो. म्हणजे सगळं तेल मत्स्यतेलच घालणारा शेतकरी महागाचं तेल चुलीत ओततो. पूर्ण बंद करणाराही चुकतो. दोन्हीची सरमिसळ हाच किफायतीचा रस्ता.

आणि तेल घ्याल ते ताजं घ्या. इथे माझीच एक चूक सांगते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. जिताड्याच्या खाद्याचा एक घाणा माझ्या सहीने पास झाला. तेल खवटलंय का ते सांगणारा पेरॉक्साइडचा आकडा मी काढला होता आणि तो उत्तम होता. तळ्यावरून निरोप आला, मासे गोळी तोंडात घेतात आणि थुंकतात. आम्ही बॅच नंबर तपासले, ओलावा तपासला, सगळं ठीक. शेवटी गोदामातला म्हातारा शिपाई मला हाताला धरून पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. पिंपाचं झाकण उघडून म्हणाला, 'बाई, जरा वास घ्या.' जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. मी तपासलं होतं ते फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीतलं तेल. पिंप सगळा मे महिना पत्र्याखाली तापत होतं. त्या दिवसापासून आकड्याआधी मी नाक वापरते.

खवट तेल हे नुसतं बेचव नसतं. जपानमध्ये कार्प माशांना कोशातले रेशमाचे किडे वाळवून खायला घालत. त्यातलं तेल खवट झालं की माशाच्या पाठीचं मांस झडून पाठ सुरीसारखी धारदार व्हायची. त्या रोगाला तिथे 'सेकोके' म्हणतात. ई जीवनसत्त्व दिलं की तो टळतो, हे तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं. तुमच्या तेलातही विकत घेतानाच अँटिऑक्सिडंट आहे ना, विचारून घ्या. डबा लहान घ्या, सावलीत ठेवा, महिन्याभरात संपवा.

साहेबाच्या घरी जिताडा पोचला की कागद हलतो, अशी तुमच्याकडची जुनी ख्याती. सोयाबीनवर वाढवलेल्या जिताड्याने कागद हलेल की नाही, ते मात्र माझ्या प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेर.

आदरणीय ताई, आमच्या संस्थेकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि घरची एक बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, आहे. धानानंतर बांधीत उतेऱ्याला जवस पेरतो. डॉक्टर आईला म्हणतात, ओमेगा-३ साठी जवस खा. तेच जवस रोहूला घातलं तर रोहूत ओमेगा-३ वाढेल का? वाढलं तर पाटी लावून विकता येईल. – एक सभासद, भंडारा

भाऊ, पाटीचं शेवटी पाहू. आधी वाढेल का, आणि वाढेल ते कुठलं, ते पाहू.

माशाचं मांस हे त्याच्या खाद्याचा बऱ्यापैकी आरसा असतं. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या तेलाचा नकाशाच बदलून टाकतात. माशात ती भानगड नाही, जे तेल खाल्लं त्याची छाप मांसावर पडते. जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं. तेव्हा रोहूच्या मांसात ते चढणार, याबद्दल मला शंका नाही. पण हे झालं अठरा मण्यांचं ओमेगा-३, जे आई चटणीतूनही खातातच. माशाकडून आपल्याला हवं असतं ते वीस आणि बावीस मण्यांचं, ईपीए-डीएचए. ते किती चढेल, हे गिरणीवर अवलंबून आहे.

गिरणी म्हणजे तुमच्या गावातली भातगिरणीच समजा. पहिला वाक पाडणारं विकर, डेल्टा-६ डिसॅच्युरेज, ही एकच गिरणी. तिच्यापुढे दोन शेतकऱ्यांच्या गाड्या उभ्या: एक ओमेगा-३ वाल्याची, दुसरी ओमेगा-६ वाल्याची. ओमेगा-६ मधलं अठरा मण्यांचं जे लिनोलेइक आम्ल, ते आपल्या बहुतेक तेलांत बदाबदा असतं. गिरणी ओमेगा-३ ला थोडं झुकतं माप देते खरी, पण समोर पोत्यांची थप्पी लागली तर काय करील? सोयाबीन तेलात ओमेगा-३ च्या एका पोत्यामागे ओमेगा-६ ची सात पोती. करडईत तर पंचाहत्तर टक्के लिनोलेइक आणि ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. सरकी, सूर्यफूल, शेंगदाण्याची ढेप, भाताचा कोंडा, सगळ्यांची रांग दुसऱ्या बाजूला. एकटं जवस असं आहे, की तिथे ओमेगा-३ ची तीन पोती आणि ओमेगा-६ चं एक.

म्हणजे तुमचा प्रश्न नुसता 'जवस घालू का' असा नाही, 'जवस घालून बाकीचं काय काढू' असा आहे. शेंगदाण्याची ढेप आणि कोंडा निम्मेनिम्म घालून वर चमचाभर जवस टाकलंत, तर रांग होती तिथेच राहील. आणि ओमेगा-६ पूर्ण तोडायचंही नाही. कार्प जातीच्या माशांना दोन्ही लागतात, खाद्यात लिनोलेइक १ टक्का आणि अल्फा-लिनोलेनिक अर्धा ते १ टक्का.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. बोडीचं पाणी. पाण्याला जो तपकिरी-हिरवट रंग येतो त्यातल्या डायटम नावाच्या शेवाळात ईपीए तयार असतं. ते शेवाळ खाणारे पाणपिसू आणि त्यांचे भाईबंद हे कटल्याचं मुख्य अन्न. रोहूही शेवाळ, कुजका पाला, दगडावरचा बुळबुळीत थर खरवडत असतो. तुमच्या मामा तलावात कोणी खाद्य घालत नसेल, तर तिथल्या माशाला हे सगळं फुकट मिळतं. दाट पिल्लं सोडून गोळ्यांवर वाढवलेल्या माशाला मात्र शेवाळ पुरत नाही, त्याचं नशीब तुमच्या पोत्यात. म्हणून जवसाचा उपयोग झाला तर बोडीत होईल, तलावात पैसे घालवू नका.

चेक देशात हा प्रयोग झालेला आहे. तिथे नाताळच्या जेवणात कार्प लागतोच. दक्षिण बोहेमिया विद्यापीठातल्या मंडळींनी जवस आणि मोहरीच्या जातीच्या पेंडीवर कार्प वाढवून ओमेगा-३ वाढवलेला मासा बाजारात आणला. पण गहू आणि इतर धान्य घालून पोसलेल्या कार्पपेक्षा वाढला, हे लक्षात घ्या. धान्यावरचा कार्प स्टार्चपासून स्वतःच चरबी बनवतो आणि ती बहुतेक ओलेइक, म्हणजे ना ओमेगा-३ ना ओमेगा-६, असते. तुलना कुणाशी करता त्यावर फरक दिसतो.

करायचं कसं, ते सांगते. जवसाची ढेप कच्ची घालू नका. तिच्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, आणि भिजली की बुळबुळीत चिकट होते. उघड्या भांड्यात चांगली उकळून, पाणी टाकून, १०० किलो खाद्यात पाच-सात किलोच्या वर नको. हा माझा अंदाज, आणि तो मुद्दाम कमी ठेवलेला आहे. तेल घालायचं असेल तर १०० किलोला एक किलो. ते आधी कोंड्यात चोळून मग बाकीच्यात मिसळा. वरून शिंपडलंत तर निम्मं बोडीवर तवंग होऊन तरंगेल. आणि त्या आठवड्यापुरतंच घाण्यावरून आणा. जवसाचं तेल सुतार लाकडाला लावतात ते उगीच नाही. त्यातली वाकलेली माळ हवेतला प्राणवायू धरून घट्ट होते, 'वाळते'. दारावर वाळलं तर पॉलिश, पोत्यात वाळलं तर खवट खाद्य.

आता पाटी. तीन महिने घाला, मग बोडीतला एक आणि शेजाऱ्याच्या बोडीतला एक, असे दोन रोहू बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवा आणि मेदाम्लांचा तक्ता मागवा. 'एकूण ओमेगा-३' हा आकडा पाहून खूश होऊ नका, ईपीए आणि डीएचएच्या ओळी पाहा. त्या ओळी वाढल्या असतील तर पाटी रंगवायला माझी ना नाही. आईंचं जवस मात्र चालू राहू द्या. माणसाच्या अंगातही हीच गिरणी आहे, फार संथ चालते एवढंच.

प्रिय ताई, नोकरीनिमित्त सहा वर्षं नॉर्वेत आहे. इथे सॅल्मन स्वस्त, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा होतो. ऑफिसातला एक जण म्हणतो, हल्लीचा सॅल्मन म्हणजे पोहणारी मोहरी. खाद्यात रेपसीडचं तेल असतं म्हणे. मग हा मासा खाऊन उपयोग काय? आणि मोहरीचं तेल माशाला झोंबत नाही का? – एक वाचक, स्टाव्हँगर

तुमच्या सहकाऱ्याचा विनोद मी चोरणार आहे.

रेपसीड मोहरीच्याच घराण्यातलं, पण आपल्या मोहरीसारखं झणझणीत नाही. शिवाय आपल्या मोहरीच्या तेलात एरुसिक आम्ल नावाचं मेदाम्ल चाळीस टक्क्यांहून जास्त असू शकतं. कॅनडातल्या पैदासकारांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत एरुसिक जवळजवळ नसलेले वाण काढले, आणि १९७८ मध्ये त्यांना 'कॅनोला' हे नाव मिळालं. सॅल्मनला घालतात ते त्या वळणाचं तेल. साठेक टक्के ओलेइक, म्हणजे उत्तम जळण. आणि ओमेगा-६ च्या दोन पोत्यांमागे ओमेगा-३ चं एक. वरचं भंडाऱ्याचं पत्र वाचलंत तर लक्षात येईल, सोयाबीनपेक्षा ही रांग किती बरी. नॉर्वेवाल्यांनी रेपसीड निवडलं त्यात त्या भागात ते पिकतं हे आहेच, पण हा हिशेबही आहे.

विनोदात तथ्य आहे. १९९० साली नॉर्वेतल्या सॅल्मनच्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के माल समुद्रातला होता: ६५ टक्के फिशमील, २४ टक्के मत्स्यतेल. २०१३ मध्ये समुद्रातला माल सगळा मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, त्यात मत्स्यतेल ११; वनस्पती तेल मात्र १९ टक्क्यांवर. दुसरा इलाजच नव्हता. जगातलं बरंचसं मत्स्यतेल पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँचोव्हेटा नावाच्या बोटभर माशातून येतं. तो मासा वाढवता येत नाही, आणि सॅल्मनचे पिंजरे तर दर वर्षी वाढतच गेले. २०२३ मध्ये समुद्राचं पाणी तापलं, जाळ्यात पिल्लंच येऊ लागली, तेव्हा पेरूने मुख्य भागातला पहिला हंगामच रद्द केला आणि तेलाचे भाव कधी नव्हे एवढे चढले. पेणच्या दादांचं तेल महागलं त्याची एक दोरी तिथपर्यंत जाते.

मांसावर परिणाम झाला का? झाला. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या मंडळींनी तिथल्या पाळीव सॅल्मनची दहा वर्षांची मोजमापं मांडली. २००६ ते २०१५ या काळात ईपीए-डीएचए निम्म्यावर आलं. म्हणजे पूर्वी एका तुकड्यात मिळायचं तेवढ्यासाठी आता दोन तुकडे. पण सॅल्मन मुळात इतका तेलकट मासा, की त्याचं निम्मंही पुष्कळ असतं. मोठ्या माणसाला दिवसाला २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए पुरे धरतात. आठवड्यातून दोनदा खाताय ना, तेवढ्यात भागतं. पाळीव सॅल्मनच्या अंगातलं डायॉक्सिनसारखं समुद्री प्रदूषणही वनस्पती तेलामुळे घटलं आहे, हे सहकाऱ्याला सांगा. मोहरीच्या बाजूनेही कोणीतरी बोललं पाहिजे.

सॅल्मनच्या यकृतातली गिरणी तशी बरी चालते. नदीत जन्मलेलं पिल्लू समुद्राकडे निघायच्या सुमाराला तर ती सर्वांत जोरात असते, जणू खाऱ्या पाण्याची शिदोरी बांधून घेतं. समुद्रात शिरलं की मंदावते. तरीही मत्स्यतेलाची भरपाई होईल एवढं डीएचए ती कधीच काढत नाही. म्हणून काही ठिकाणी शेवटचे चार-सहा महिने पुन्हा मत्स्यतेलाचं खाद्य देतात. मासा शेवटी वजनाने झपाट्याने वाढत असतो, त्या वाढीत जुनं तेल पातळ होत जातं आणि ईपीए-डीएचए बरंचसं परत येतं. पातळ होतं म्हणाले, निघून जातं म्हणाले नाही. लिनोलेइक आम्ल एकदा मांसात बसलं की फार चिवट.

सुट्टीत इकडे आलात आणि हॉटेलात 'इंडियन सॅल्मन' लिहिलेलं दिसलं तर तो आपला रावस. सॅल्मनशी नातं फक्त मेनूकार्डावरचं.

मॅडम, भिगवणला चिलापीचा धंदा आहे. पुण्याचं एक गिऱ्हाईक म्हणालं, चिलापी खाणं डुकराच्या चरबीपेक्षा वाईट, असं अमेरिकेत सिद्ध झालंय. खरं काय? – एक मासेविक्रेता, भिगवण

ही बातमी दर दोन वर्षांनी उगवते. मूळ गोष्ट अशी: २००८ साली अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अभ्यासात बाजारातले मासे तपासले, त्यात पाळीव तिलापियात, म्हणजे आपल्या चिलापीत, ओमेगा-३ कमी आणि ॲराकिडॉनिक नावाचं ओमेगा-६ जास्त निघालं. बेकनशी, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाशी, तुलना झाली, मथळे झाले.

तिलापिया लिनोलेइकपासून ॲराकिडॉनिक बनवण्यात हुशार आहे. मका-सोयाबीनच्या गोळ्या खाल्ल्या की तेच बनवणार, तुम्ही दिलेलं पीठ त्याने दळलं. पण तो कमी चरबीचा मासा, १०० ग्रॅम मांसात चरबी दोनेक ग्रॅम. बेकनमध्ये किती असते ते गिऱ्हाइकालाच विचारा. दोन ग्रॅमच्या आत प्रमाण काय, यावरून भांडण म्हणजे चहातल्या साखरेच्या दाण्यांची मोजदाद. शिवाय उजनीच्या उघड्या पाण्यात जाळ्यात सापडलेली चिलापी शेवाळ खाऊन वाढलेली, तिला कुणी गोळ्या घातल्या? पिंजऱ्यातली विकत असाल तर ती वेगळी. दोन्ही टोपल्या वेगळ्या ठेवता का? ठेवा. पुढच्या वेळी त्या गिऱ्हाइकाला कुठली कुठली ते दाखवा, आणि ओमेगा-३ च हवं म्हणाला तर शेजारच्या टोपलीतला बांगडा द्या.

ताई, आम्ही बांगडा सूर्यफूल तेलात तळतो. तळल्यावर ओमेगा-३ जातं का? – एक गृहिणी, डोंबिवली

काही उष्णतेने जातं, काही कढईत उतरतं, आणि कढईतलं सूर्यफूल तेल माशात शिरतं. ज्या लिनोलेइक तेलाबद्दल मी चार पत्रं बोलतेय, ते तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांत घातलंत. बांगडा तेलकट असल्याने त्यातल्या त्यात टिकाव धरतो. पापलेट-बोंबील फार शोषून घेतात, रवा लावला तर विचारूच नका. तव्यावर दोन चमचे तेलात भाजून घ्या नाहीतर तिरफळ घालून कालवण करा, रश्श्यात उतरलेलं तेल भाताबरोबर पोटातच जातं. आमच्याकडे रविवारी तळलेलाच होतो. नातवापुढे माझे आकडे चालत नाहीत.